मनिलाची रात्रपाळी

मनिला : रात्री आठच्या सुमाराला इथल्या मकाती भागातल्या कचेऱ्या पुन्हा भरू लागतात. आयाला अव्हेन्यूवर उतरणाऱ्या तरुण मुलामुलींच्या गळ्यात ओळखपत्र असतं आणि अंगाला घाम फुटलेला असतानाही हातात जाकीट असतं, कारण पहाटेपर्यंत एसीत बसायचं असतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क मनिलाच्या बरोबर 12 तास मागे असतं. तिथे सकाळी नऊला कुणाचं क्रेडिट कार्ड अडलं, की इथे रात्री नऊला फोन वाजतो.

कॉल सेंटर आणि तत्सम कामांवर या देशातल्या 17-18 लाख लोकांचा संसार चालतो. 1898 पासून जवळपास अर्धशतक इथे अमेरिकेची सत्ता होती. शाळेतलं इंग्रजी तेव्हापासून अमेरिकी वळणाचं. त्या जोरावर 2010च्या सुमाराला फोनवर बोलण्याच्या कामात फिलिपिन्सने भारताला मागे टाकलं. या रात्रीच्या कामासाठी कायदाही बदलला. पूर्वी बऱ्याच कामांत बायकांना रात्रपाळी करायला मनाई होती. 2011च्या कायद्याने ती उठवली आणि रात्री काम करणाऱ्यांसाठी आरोग्य तपासणी, विश्रांतीची जागा अशा सोयी मालकांवर बंधनकारक केल्या. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेसाठी 10 टक्के जादा वेतन तर आधीपासूनच आहे.

या नोकरीला नावं ठेवण्याआधी इथल्या घरांपुढे दुसरा कोणता मार्ग होता, ते पाहायला हवं. तो मार्ग विमानतळावरून जातो : आई हाँगकाँगला मोलकरीण, बाप जहाजावर, मुलं आजीकडे. रात्रपाळीची आई निदान सकाळी घरी येते. सहा वाजता टपरीवर लसणाचा भात आणि अंडं खाते, तेच तिचं रात्रीचं जेवण, आणि मुलांना शाळेत सोडून झोपते.

आता बिलाची रक्कम, विसरलेला पासवर्ड असले सोपे कॉल एआयचं यंत्र उचलू लागलं आहे. माणसाकडे येतो तो चिडलेला, रडकुंडीला आलेला ग्राहक. पण कामगाराचं मोजमाप अजून 'एएचटी'वर, म्हणजे एक कॉल सरासरी किती वेळात उरकला यावर होतं. सोपे कॉल गेले की ही सरासरी वाढणारच, आणि ती वाढ फोनवरच्या मुलीच्या खात्यावर मांडणं हा मला उघड अन्याय वाटतो. बायकांना रात्री कामाला बसवायचं ठरलं, तेव्हा सरकारने कायदा केला होता. या मोजमापाबाबतही त्याने आताच मालकांना गाठलं पाहिजे, नोकरकपातीच्या याद्या निघण्याआधी.