अग्निशमन सेवा : जबाबदारी कोणाची?
१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरील आग विझविताना झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्या जहाजात कापूस आणि स्फोटके एकत्र भरली होती! हाच दिवस राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

मुंबईत पूर्वी पोलिसांकडे असलेले हे काम १८८८ च्या अधिनियमाने महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरले. देशभर मात्र एकसारखी व्यवस्था नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीत आली. ती नगरपालिकांकडे सोपवायची की नाही, हे राज्ये ठरवितात. तामिळनाडूत ती राज्य शासनाकडे, महाराष्ट्रात प्रामुख्याने नागरी संस्थांकडे आहे. परिणामी लहान नगरपालिकेच्या दलाचे बळ तिच्या तिजोरीएवढेच राहते. २०२३ मध्ये केंद्राने ५,००० कोटी रुपयांची आधुनिकीकरण योजना आणली. तीतही राज्यांना आपला हिस्सा द्यावा लागतो.