पणजीचा हात उगारलेला पाद्री

उसाचा हंगाम आटोपला की आपल्या माळशिरस भागातली मंडळी कोल्हापूरची अंबाबाई करून पुढे गोव्याला, मंगेशी-शांतादुर्गेच्या दर्शनाला जातात. पणजीत मांडवीच्या काठी गाडी थांबते आणि जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा पाहून बायाबापड्या दचकतात. झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पुढे करून उभा आहे, आणि त्याच्यासमोर एक बाई कलंडली आहे! “अगं बाई, मारतोय की काय तिला?” असेच पहिल्यांदा तोंडून निघते.

वाचकहो, तो मारत नाही, तंद्री लावतो आहे. हे आबे फारिया. फ्रेंच लोक पाद्रीला ‘आबे’ म्हणतात. गोव्यातल्या कांदोळी गावी १७५६ साली त्यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी ते वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले.

तिथली एक गोष्ट गोव्यात घरोघर सांगतात. तरुण फारिया राणीपुढे प्रवचनाला उभे राहिले आणि ती बडी मंडळी पाहून त्यांची वाचाच बसली. जवळच असलेले वडील कोकणीत हळूच म्हणाले, “अरे, ही सगळी भाजी आहे. काप ती भाजी!” झाले, भीती पळाली आणि प्रवचन रंगले. एका शब्दाने माणसाचे मन एवढे कसे पालटते, हा विचार तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसला म्हणतात.

पुढे १८१३ पासून पॅरिसमध्ये ते लोकांसमोर तंद्रीचे प्रयोग करू लागले. त्या काळी समजूत अशी, की तंद्री लावणाऱ्याच्या अंगातून काही अद्भुत शक्ती वाहते. फारियांनी उलट सांगितले : माझ्या हातात काही नाही, तंद्री लागते ती ज्याची त्याच्या मनातून. लोकांनी टिंगल केली, त्यांच्यावर नाटकही काढले. १८१९ साली ते गरिबीतच वारले. पण आज संमोहनशास्त्रात त्यांचे नाव आदराने घेतात. हा पुतळा शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला आणि १९४५ साली तो पणजीत उभा राहिला.

आता आपल्याकडे या. पोरगी घुमू लागली की घरचे घाबरतात आणि भगताकडे धाव घेतात. कोंबडे, नारळ, पैसा जातो. कधी मारझोडही होते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण कायद्याआधी घरच्यांनीच सावध व्हावे. बुवाच्या हातात शक्ती नसते, आपली भीतीच त्याला ती देते. अशा लेकरावर ओरडू नका. त्याला जवळ घ्या, काय खुपते ते विचारा, आणि डॉक्टरला दाखवा.

पुढच्या खेपेला पणजीला गेलात, तर मुलांना हा पुतळा जरूर दाखवा. आणि शाळेत भाषणाला उभे राहताना पोराचे पाय लटपटले, तर त्याच्या कानात सांगा, “भाजी आहे रे सगळी!”