एकाच ताटातले दोघे

३ फेब्रुवारी १९५९ रोजी राउरकेल्यात आणि दुसऱ्याच दिवशी भिलाईत पहिली झोतभट्टी सुरू झाली. दोन्ही ठिकाणी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद गेले होते. राउरकेला जर्मनांच्या मदतीने उभे राहिले, भिलाई रशियनांच्या. भिलाईसाठी दुर्ग जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत सेक्टर आखले गेले, आणि कामगारांच्या लोंढ्यात नागपूर-भंडाऱ्याकडची मराठी माणसेही हावडा मार्गावरच्या गाड्यांनी इकडे आली. भट्टीला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येत होते. त्या डोंगरांत जंगल होते, झरे होते आणि हिवताप होता.

हिवतापाविरुद्धची लढाई त्या वेळी जिंकल्यातच जमा होती. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या यशाने हुरूप इतका वाढला की १९५८ मध्ये त्याच कार्यक्रमाच्या नावात ‘निर्मूलन’ हा शब्द आला. डास मारायचा, परजीवी मारायचा, एवढाच हिशेब होता. ज्याला ताप आला तो माणूस काय खातो, हे कोणी फारसे विचारत नव्हते.

तो प्रश्न तीस वर्षे आधी, मुंबईत परळला, विचारून झाला होता.

१९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर हाफकिन संस्थेत आली. मुंबईच्या गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायका रक्तक्षयाने मरत होत्या आणि नेहमीच्या उपायांना दाद देत नव्हत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या लाल पेशी प्रमाणाबाहेर मोठ्या दिसत. विल्सबाईंनी जंतूंचा माग काढला, मग त्या बायकांच्या घरच्या जेवणाकडे वळल्या. तसाच निकस आहार माकडांना दिल्यावर त्यांनाही रक्तक्षय झाला, आणि तो बरा झाला मारमाइटने. मद्यनिर्मितीत उरणाऱ्या यीस्टचा हा काळा, खारट अर्क म्हणजे विलायतेतल्या गरिबांचे पावाला लावायचे तोंडीलावणे. १९३१ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. अर्कातला तो गुणकारी घटक काय, हे ठाऊक नव्हते, म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

पुढे १९३४-३५ मध्ये श्रीलंकेत हिवतापाची भयंकर साथ आली. तिथल्या ‘सूर्यमल’ या साम्राज्यविरोधी चळवळीतले कार्यकर्ते गावोगाव फिरले तेव्हा त्यांना तापाइतकीच उपासमार दिसली. अशक्त रुग्णांना त्यांनी मारमाइट दिले. गिरणगावातल्या गरोदर बायकांना लागू पडलेले औषध हिवतापाच्या रोग्याच्या तोंडी असे पोहोचले. परजीवी त्याने मरत नव्हता, पण तापाने पोखरलेल्या शरीराला रक्त भरून काढायला सामान मिळत होते.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या काही टन पानांतून हा घटक वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान, म्हणून नाव पडले फॉलिक आम्ल. ब गटातले हे नववे जीवनसत्त्व. ते प्रयोगशाळेत तयार करण्याचे काम लेडरले कंपनीत झाले, आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आता विल्सबाईंचा घटक गोळीत आला.

नेमक्या याच वर्षांत गोष्टीला दुसरे वळण लागले. हिवतापाच्या परजीवीलाही खायला लागते, हे उमगू लागले. १९४३ मध्ये विल्यम ट्रॅगर यांनी दाखवले की पक्ष्यांमधल्या हिवतापाचा परजीवी शरीराबाहेर जगवताना त्याला पँटोथेनेट, म्हणजे ब-५, दिल्याने तो अधिक तग धरतो. १९५२ मध्ये लिव्हरपूलच्या ब्रायन मॅग्रेथ आणि सहकाऱ्यांनी उंदरांना नुसत्या दुधावर ठेवले, तर त्यांच्यातला हिवताप दबला. दुधात असे काय होते? पुढच्याच वर्षी फ्रँक हॉकिंग यांनी उलगडा केला: दुधात काय आहे यापेक्षा काय नाही ते पाहा. दुधात पॅरा-अमिनो-बेंझॉइक आम्ल जवळजवळ नसते, आणि परजीवी आपले फॉलिक आम्ल त्याच्यापासूनच तयार करतो. कच्चा माल बंद झाला आणि परजीवीची चूल विझली.

माणसाला फॉलिक आम्ल आयते, अन्नातून घ्यावे लागते. परजीवी ते स्वतः रांधतो, वर यजमानाच्या ताटातलेही उचलतो. या फरकावरच औषधे बेतली गेली. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून पायरिमेथामिन आले. परजीवी फॉलिक आम्ल तयार करतो त्या साखळीतली शेवटाकडची कडी ते तोडते. त्याच साखळीतली आधीची कडी तोडणारे सल्फाडॉक्सिन पुढे त्याच्या जोडीला आले. एलियन आणि हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले. गरोदर बाईला जगवणारे जीवनसत्त्व आणि परजीवीला मारणारे औषध, दोन्ही एकाच रसायनाभोवती फिरत होते. एकाला ते द्यायचे होते, दुसऱ्यापासून तोडायचे होते, आणि दोघेही एकाच रक्तात बसलेले होते.

इकडे देशात ‘निर्मूलन’ मागे हटले. १९६५ मध्ये रुग्ण लाखाच्या आसपास उतरले होते, १९७६ मध्ये ते चौसष्ट लाखांवर गेले. डास डीडीटीला सरावले, परजीवी क्लोरोक्विन या औषधाला. १९८३ मध्ये दल्ली-राजहरात खाणकामगारांच्या संघटनेने स्वतःच्या कष्टांतून शहीद हॉस्पिटल उभारले. त्यामागे कामगारनेते शंकर गुहा नियोगींची प्रेरणा होती. पोलाद ज्यांच्या घामावर तयार होत होते त्यांचे आजार त्यांच्या भुकेपासून वेगळे काढता येत नाहीत, ही तिथली भूमिका होती.

भुकेचा आणि हिवतापाचा हा संबंध नेमका मोजून पाहण्याचे काम मात्र भिलाईच्या जुळ्या भावाकडे, राउरकेल्यात झाले. पोलाद कारखान्याच्या इस्पात जनरल हॉस्पिटलमधले बी. एस. दास आणि सहकारी रायबोफ्लेविनच्या, म्हणजे ब-२ च्या मागे लागले होते. त्याला पार्श्वभूमी होती ती १९८३ मध्ये पापुआ न्यू गिनीतून आलेल्या एका कोड्यात टाकणाऱ्या निरीक्षणाची: ज्या बाळांत ब-२ कमी, त्यांच्यात हिवताप कमी दिसत होता.

याचे कारण लाल पेशीत आहे. परजीवी पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो तेव्हा तिथे ऑक्सिजनचे तिखट, जाळणारे अवशेष साठतात. ते निस्तरायला पेशीकडे ग्लुटाथिओन नावाचे रसायन असते, आणि ते पुन्हा कामाला जुंपणारे विकर ब-२ शिवाय चालत नाही. ब-२ कमी असेल तर पेशीत जाळ वाढतो आणि त्यात परजीवीही होरपळतो. दास यांच्या गटाने १९८८ मध्ये ब-२ ची कमतरता आणि हिवतापाची तीव्रता यांवर लेख लिहिला. १९९० मध्ये त्यांनी दाखवले की हिवताप आणि ब-२ ची कमतरता एकत्र आलेल्या मुलांच्या रक्तात हा जाळ जास्त आहे. शत्रूला जाळायला घरालाच आग लावावी, तसा हा प्रकार. परजीवी कमी दिसतो, पण मुलाच्या पेशीही त्याच आगीत सापडतात. म्हणून ‘उपाशी मुलाला हिवताप कमी’ असा सोयीचा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल.

ब-१ ची कहाणी तर अगदी उलटी निघाली. १९९९ मध्ये थायलंडमधल्या प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिवतापाने गंभीर झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत थायमिनची तीव्र कमतरता आढळली. सौम्य हिवताप असलेल्यांत हे प्रमाण बरेच कमी होते. भात हेच मुख्य अन्न असलेल्या मुलखाने हे कान देऊन ऐकायला हवे. तांदूळ जितका पांढरा सडावा तितके ब-१ कोंड्याबरोबर जाते, आणि भाताचे पाणी ओतून दिले की उरलेलेही त्यासोबत वाहते. छत्तीसगडच्या घरांत रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी खायची ‘बोरे बासी’, पेज, लाल भाजी, चेच भाजी आणि मुनग्याची पाने यांना आज कौतुकाने ‘पारंपरिक’ म्हणतात. त्यांनी हिवताप टळतो असे मी म्हणणार नाही, पण ब गटाची शिदोरी अशाच ताटातून येते.

ब-१ च्या नावावर एक गैरसमजही चालत आला आहे. ही गोळी खाल्ली की घामाला असा वास येतो की डास फिरकत नाहीत, हा दावा १९४० च्या दशकातला. पुढच्या तपासण्यांत तो टिकला नाही, आणि १९८५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पोटातून घ्यायचे कोणतेही डासरोधक प्रभावी मानायला नकार दिला. तरीही पावसाळ्यात औषधाच्या दुकानावर ‘डास चावू नयेत म्हणून’ बी-कॉम्प्लेक्स मागणारा भेटतोच. मच्छरदाणीला पर्याय म्हणून ती गोळी कुचकामी आहे.

या सगळ्या हिशेबाची खरी परीक्षा २००६ मध्ये झाली. त्या वर्षी दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. पहिला झांझिबारजवळच्या पेंबा बेटावरचा, सुनील साझावाल यांच्या नेतृत्वाखालचा. हिवताप बारमाही असलेल्या त्या बेटावर हजारो लहान मुलांना रोज लोह आणि फॉलिक आम्ल दिले गेले. ही मुले सुदृढ होतील अशी अपेक्षा होती, पण गंभीर आजार आणि मृत्यू त्यांच्यात १२ टक्क्यांनी जास्त निघाले, आणि त्या गोळ्या मध्येच थांबवाव्या लागल्या. बोट मुख्यतः लोहाकडे गेले. पुढच्या अभ्यासांनी तोडगाही दाखवला: जिथे हिवतापाचे निदान आणि उपचार वेळेवर मिळतात, तिथे लोह देण्यात धोका वाढत नाही.

दुसरा अभ्यास केनियातला. हिवताप झालेल्या गरोदर बायकांना सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देऊन काहींना त्यासोबत फॉलिक आम्ल ५ मिलिग्रॅम, काहींना ०.४ मिलिग्रॅम दिले. मोठ्या मात्रेने औषध निकामी होण्याचे प्रमाण वाढले, छोट्या मात्रेने वाढले नाही. तेच जीवनसत्त्व, तोच रोगी, फरक फक्त मात्रेचा. औषधाने परजीवीची चूल विझवायची आणि त्याच वेळी आपण त्याच्या हाती भरलेला डबा द्यायचा, असे होत होते. गरोदरपणी हिवताप टाळण्यासाठी हे औषध दिले जाते त्या देशांना जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच सांगते की फॉलिक आम्ल रोज ०.४ मिलिग्रॅम द्या, ५ मिलिग्रॅम किंवा अधिक देऊ नका.

भिलाईशी या केनियातल्या अभ्यासाचा संबंध २०१० नंतर थेट लागतो. घातक अशा फाल्सिपेरम हिवतापासाठी भारताने आर्टेमिसिनिनवर आधारित जोडउपचार देशभर स्वीकारला. छत्तीसगडसह बहुतेक राज्यांच्या वाट्याला आलेल्या जोडीत तीन दिवस आर्टेसुनेट आणि पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन होते. ईशान्येकडे ही जोडी निष्प्रभ ठरू लागल्यावर २०१३ मध्ये तिथले औषध बदलले.

त्याच छत्तीसगडात आणि शेजारच्या विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार घरोघर आहे. सिकलचा एकच जनुक असलेल्याला गंभीर हिवतापापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते, म्हणून तर तो जनुक हिवतापाच्या मुलखात टिकला. दोन्ही जनुक असलेल्या रुग्णाला मात्र हिवताप जीवघेणा ठरतो. त्याच्या लाल पेशी लवकर फुटतात, नव्या घडवायला फॉलिक आम्ल भराभर संपते, म्हणून त्याला रोज ५ मिलिग्रॅमची गोळी देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती गोळी त्याला हवीच आहे. पण त्याला फाल्सिपेरम झाला आणि उपचारात सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आले, तर केनियातला प्रश्न त्याच्या उशाशी येऊन बसतो.

हिवताप हटतो आहे, हेही खरे. २०२० च्या सुरुवातीला ‘मलेरियामुक्त बस्तर’ अभियानाच्या पहिल्या टप्प्यात १४ लाखांहून अधिक लोकांचे रक्त तपासले, आणि बाधित निघालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तापच नव्हता. देशातले रुग्ण २०१५ मधल्या ११ लाख ६९ हजारांवरून २०२३ मध्ये सव्वादोन लाखांच्या घरात आले. पण बिनतापाचा हिवताप माणसाचे रक्त हळूहळू पीत राहतो. फिकट दिसणाऱ्या बाईला रक्तवाढीची गोळी देताना तिचे रक्त हिवतापासाठीही तपासले पाहिजे, हे पेंबाने शिकवले आहे.

परळपासून भिलाईपर्यंतच्या नव्वद-पंचाण्णव वर्षांत ब जीवनसत्त्वाबद्दल ‘चांगले की वाईट’ या प्रश्नाला एकच उत्तर कधी मिळाले नाही. ब-१ ची उणीव गंभीर रुग्णांत ठळक दिसली, ब-२ च्या उणिवेने परजीवी आणि पेशी दोघांनाही जाळले, ब-९ ने माणसाला वाचवले आणि मात्रा चुकली तेव्हा परजीवीलाही. ‘ताकदीची गोळी’ निरुपद्रवी असते, ही आपली समजूत या इतिहासात बसत नाही.

म्हणून भिलाईतल्या आणि गोंदिया-गडचिरोलीतल्या वाचकांना एवढेच सांगणे: ताप आला की आधी रक्त तपासा. डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. सिकलची किंवा गरोदरपणातली फॉलिकची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण ती चालू आहे हे हिवतापाचे औषध लिहिले जाण्याआधी सांगा, आणि पाकिटावरचा आकडा वाचून सांगा. सरकारी लाल गोळीत फॉलिक आम्ल ५०० मायक्रोग्रॅम असते, दुकानातल्या पिवळ्या गोळीत बहुधा ५ मिलिग्रॅम. दुसरी मात्रा पहिलीच्या दहापट आहे.