उपग्रहाचा फोटो आणि आपला प्लॉट

वनहक्काच्या दाव्यात हल्ली एक रंगीत कागद पुढे येतो, उपग्रहाचा फोटो. “यात तुमची शेती दिसत नाही,” एवढं ऐकलं की बाया गप्प होतात. म्हणून आज तो कागद कसा वाचायचा ते बघू.

आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळं रान लालभडक. वणवा लागला की काय, असंच वाटलं! पण झाडांची पानं आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकतात. उपग्रह ते टिपतो आणि नकाशा करणारे त्याला लाल रंग देतात. म्हणजे जंगलही लाल आणि उभं भातही लाल. कापणीनंतर तोच तुकडा वेगळा दिसतो. तेव्हा फोटो कोणत्या महिन्याचा, हे आधी विचारायचं.

दुसरी गोष्ट ठिपक्याची. रांगोळीसारखा हा फोटोही ठिपक्यांचा असतो. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद जागा, सुमारे नऊ गुंठे. तेवढ्यात आपली नाचणी, दोन मोह, कडेचं खोपट, सगळ्याचा मिळून एकच रंग. शिवाय ठिपका काही आपला बांध बघून पडत नाही. एखादीचा दहा गुंठ्यांचा तुकडा चार ठिपक्यांत वाटला जातो आणि चारही जंगलात जमा होतात. आपल्या कार्टोसॅट-1 चा ठिपका अडीच मीटरचा, त्यात शेताची कड बरीच कळते. तो मे 2005 मध्ये आकाशात गेला.

आदिवासी कुटुंबाचा ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा लागतो. त्यामुळे त्या सुमाराचा, बारीक ठिपक्यांचा फोटो मिळाला तर तो आपल्याही कामाचा.

आणि हे मात्र पाठच करा. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे उपग्रहाचा फोटो ही इतर पुराव्यांना फक्त जोड आहे, त्यांची जागा तो घेऊ शकत नाही. बांध, घर, जुनी दंडाची पावती, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, हे सगळं धरावंच लागतं. उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं.

मोजणीच्या दिवशी घरी थांबू नका बरं का. जीपीएस घेऊन कुणी बांधावरून चालत असेल, तर कड कुठे वळते ते आपण दाखवायचं. पट्ट्यावर नवऱ्याबरोबर आपलंही नाव लागतं.