दारेसलामची गाडी आणि बोरिवलीची

आफ्रिकेतल्या ताझारा रेल्वेवरचा एक माहितीपट अलीकडेच पाहिला. टांझानियातल्या दारेसलाम बंदरापासून झांबियातल्या कापिरी एम्पोशीपर्यंतचा हा १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग. झांबियाला समुद्रकिनारा नाही. तिथले तांबे बंदरावर पोचावे म्हणून चीनच्या मदतीने १९७० ते १९७५ या काळात तो बांधला गेला. पडद्यावर फारसे काही घडत नाही. कॅमेरा डब्यात बसून राहतो. कोणी पेंगतो, कोणी मूल थोपटते, स्थानक आले की केळीवाल्या बाया खिडकीशी येतात. तरीही जागचे उठवत नाही.

असे शांतपणे पाहणे आपल्या लोकलच्याही वाट्याला आले आहे. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली अशी केवळ महिलांसाठी गाडी सुरू केली. पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत गेली. निधी तुली यांनी २००३ साली याच गाडीवर ‘लेडीज स्पेशल’ हा माहितीपट केला.

मी बोरिवलीची. चर्चगेट सुमारे ३४ किलोमीटर, जाऊन-येऊन ६८. नोकरीच्या दिवसांत सहज हिशेब मांडला होता. वर्षाला तीनशे दिवस धरले तर वीस हजार किलोमीटरांहून अधिक! ताझाराचे अख्खे अंतर आम्ही अठ्ठावीस दिवसांत कापत होतो. पण ‘प्रवासाला गेले होते’ असे आमच्यापैकी कोणी कधी म्हटले नाही.

त्या डब्यात काय होत नव्हते? मटार सोलले जात, मेथी निवडली जाई. दसऱ्याला डबा सजे, संक्रांतीला तिळगूळ वाटला जाई. अंधेरीला उतरणारीची जागा कोणाची, हे आधीच ठरलेले असे. चौथ्या सीटवर अर्धवट टेकून एखादी मुलीच्या लग्नाची काळजी सांगे. कोणी आठ दिवस दिसली नाही, तर घरी फोन जाई. पाय दुखत, गर्दीत जीव घुसमटे, हे खरेच. पण दिवसातला तेवढाच वेळ कोणाची सून, आई किंवा कारकून नसण्याचा होता.

घरच्यांना मात्र दारात पर्स टेकवणारी दमलेली बाईच दिसते. मधले दोन-अडीच तास कोणी पाहत नाही. अनोळखी देशातले उतारू आपण तासभर कौतुकाने न्याहाळतो.

आज रविवार. तुमच्या घरातली लोकलने जाणारी आज घरीच असेल. तिच्या ग्रुपमध्ये कोणकोण आहे, एवढे तरी तिला विचारा. आणि ती सांगू लागली की मध्येच उठू नका.