गोळीबार-कालनिर्णय

बंदूक, पिस्तूल यांसारख्या अग्निशस्त्रातून अखेरची गोळी केव्हा झाडली गेली असावी, याचा अंदाज करण्याच्या न्यायसाहाय्यक विज्ञानातील पद्धती. काडतुसातील दारू जळाल्यावर नळीत काजळी, लवणे व बाष्पनशील संयुगे मागे राहतात. कालांतराने त्यांच्यात होणारे बदल हा या पद्धतींचा आधार होय.

शोरा, गंधक व कोळसा यांपासून बनविलेल्या काळ्या दारूच्या अवशेषात पोटॅशियमाचे सल्फाइड, कार्बोनेट व सल्फेट असतात. दमट हवेत सल्फाइडापासून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो व नळीला नासक्या अंड्यासारखा वास येतो. पुढे सल्फाइडाचे ऑक्सिडीभवन होऊन वास नाहीसा होतो आणि नळी गंजू लागते. निर्धूम दारूच्या अवशेषात नायट्राइटे व नायट्रेटे आढळतात. नायट्राइटांचे ऑक्सिडीभवन होत असले, तरी त्याचा वेग तापमान, आर्द्रता इत्यादींनुसार बदलतो. शिवाय डायफिनिल अमाइनाच्या परीक्षेत दोन्ही लवणे निळा रंग देतात. त्यामुळे रंगपरीक्षेवरून दिवस मोजता येत नाहीत. प्रायमरमधील शिसे, बेरियम व अँटिमनी यांचे कण टिकाऊ असतात. ते गोळी झाडल्याचे दर्शवितात, काळ दर्शवीत नाहीत.

१९९० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये आंद्रास्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाष्पनशील संयुगांकडे लक्ष वळविले. बहुवारिकाचा लेप दिलेला बारीक तंतू नळीतील हवेत ठेवतात व त्यावर जमलेली नॅप्थॅलिनासारखी संयुगे वायु-वर्णलेखनाने मोजतात. ही संयुगे दिवसागणिक घटत जातात. झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांनाही ही पद्धत लावतात. तुलनेसाठी त्याच शस्त्रातून त्याच जातीची काडतुसे झाडून ते शक्यतो सारख्याच परिस्थितीत ठेवावे लागते. नळी साफ केल्यास अथवा दीर्घकाळ उघडी राहिल्यास अनुमान दुबळे होते.

नळीत काजळी सापडणे म्हणजे शस्त्र गुन्ह्याच्या दिवशी झाडले गेले, असे नव्हे. महिन्यांपूर्वी झाडून साफ न केलेल्या परवानाधारकाच्या बंदुकीतही ती सापडते; उलट गुन्ह्यानंतर लगेच पुसलेली नळी स्वच्छ दिसते. म्हणून गॅलिडाबिनो व इतरांनी २०१३ मध्ये संभाव्यतेवर आधारलेली विवेचनपद्धती मांडली. तीनुसार तज्ञाने एकच वेळ न सांगता, फिर्यादी पक्षाने सांगितलेली वेळ व आरोपीने सांगितलेली वेळ यांपैकी कोणती खरी मानल्यास मोजलेले प्रमाण अधिक संभवनीय ठरते, एवढेच सांगावयाचे असते. भारतात अशा तज्ञाचे मत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ खाली ग्राह्य धरले जाते. त्याचे मोल ठरविणे न्यायालयाकडे असते.