कडं, कातडं आणि सेवाग्राम

सेवाग्राम आश्रमाची सर्वधर्मप्रार्थना सुरू होते ती एका जपानी बौद्ध मंत्राने. ऑक्टोबर १९३३ मध्ये निचिदात्सु फुजी गुरुजी वर्ध्यात गांधीजींना भेटले आणि पुढे त्यांच्या पंथाचे भिक्षू आश्रमात राहिले. हा मंत्र त्यांचा. ते जपाला ढोल वाजवतात तो हातपंख्यासारखा असतो: एक मूठ, एक कडं, कड्यावर ताणलेलं कातडं आणि वाजवायला छडी. पोकळ खोड नाहीच. जपानी नाव उचिवा-दाइको. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, तेव्हा आश्रमातल्या भिक्षूला पोलिसांनी धरून नेलं. गांधीजींनी मंत्र मात्र प्रार्थनेतून काढला नाही. त्या काळात हे किती अवघड होतं, याची आठवण ठेवायला हवी.

याच भूमीवर, तिचं नाव अजून शेगाव असताना, १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून भजनं गाणारे संत तुकडोजी महाराज आले आणि सुमारे महिनाभर राहिले. त्यांच्या हातात खंजिरी: तिलाही कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारविरुद्ध आष्टी-चिमूरचा उठाव झाला आणि महाराजांना नागपूर-रायपूरच्या तुरुंगात डांबलं गेलं. एकट्या भजनकऱ्याचं हे वाद्य सरकारला इतकं का बोचावं? कारण त्याला ना साथीदार लागतो, ना बैठक. गाणारा स्वतःच वाजवतो, उभ्याने, चालता चालता. १९५५ मध्ये महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले, तेव्हा खंजिरीही सोबत गेली.

वाद्यशास्त्रात या दोन्ही वाद्यांचं कूळ एकच. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत: तत (तारांची), सुषिर (फुंकायची), अवनद्ध (कातडं मढवलेली), घन (ठोकून वाजणारी भरीव). युरोपात १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी केलेली वर्गवारी याच चौकटीच्या फार जवळ जाते. खंजिरी मात्र एका वर्गात मावत नाही. कातडं अवनद्ध, कड्यातल्या झांजा घन. अरबी रिक्क, ब्राझीलचा पांदेइरो ही तिचीच भावंडं. इराणी दफ, आयर्लंडचा बोध्रान चुलत घरातले.

आता सुराचं बघू. नुसत्या ताणलेल्या गोल कातड्यातून मूळ नादासोबत जो पुढचा नाद उठतो, त्याची कंपनसंख्या मूळच्या सुमारे १.५९ पट असते. दुप्पट, तिप्पट असं सुबक नातं जुळत नाही, म्हणून कानाला ठोका ऐकू येतो, ठाम स्वर नाही. तबला-मृदंगाच्या कातड्यावरचा काळा लेप, म्हणजे शाई, हेच नातं जुळवते; चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये ते दाखवून दिलं. खंजिरीला शाई नाही. माझ्या मते तिचं मोठेपण इथेच आहे. तिचा ठाम स्वर नसल्याने कुणीही आपल्या गळ्याच्या पट्टीत गावं, ती आड येत नाही. तबल्याला प्रत्येक गायकाची पट्टी विचारावी लागते.

ताण तेवढा सांभाळावा लागतो. कर्नाटक संगीतातला कंजिरा वाजवणारे घोरपडीच्या कातड्याला आतून पाणी लावून नाद खाली उतरवतात. आपल्याकडे पावसाळी हवेत कातडं सैल पडलं, की भजनकरी खंजिरी विस्तवावर धरून शेकतात आणि बोटाने ठोकून बघतात. नाद खणखणीत आला की भजन सुरू.